काम बदलायचे की नीट मांडायचे?

परळ येथील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाह लिहितात:

"आमची संस्था गिरणी कामगारांनी वर्गणी काढून सुरू केली. आज वाचनालय, दहावी-बारावीच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बालनाट्याचा व शाहिरीचा वर्ग एवढे काम चालते. वर्गणी, शासनाचे ग्रंथालय अनुदान आणि जुन्या सभासदांच्या देणग्या यांत आता खर्च भागत नाही. गेल्या बैठकीत एका तरुण सभासदाने सुचवले की, सध्या फाउंडेशनांचा पैसा हवामान बदलाच्या कामाकडे वळला आहे, तेव्हा आपणही तसा प्रस्ताव द्यावा. आमचे ज्येष्ठ विश्वस्त म्हणतात की, ज्या कंपन्यांच्या कचेऱ्या आमच्या गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिल्या, त्यांच्या दारात आपण जाऊ नये. मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे आणि असा प्रस्ताव मी कधी लिहिलेला नाही. या संस्था कोणाला आणि कशासाठी पैसे देतात? हवामानाचा प्रस्ताव लिहावा का? ग्रंथपालाचा पगार आणि विजेचे बिल मागता येते का? आणि एकदा मागितले की आपण त्यांचे मिंधे होतो का?"

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

आपल्या बैठकीत जी दोन मते मांडली गेली, ती दोन्ही संस्थेच्या काळजीपोटीच आली आहेत, म्हणून त्यांपैकी कोणतेही मोडीत न काढता मी उत्तर देणार आहे. माझे मत मात्र आधीच सांगतो. निधीसाठी नवे काम उभे करू नका. जे काम आपण वर्षानुवर्षे करत आहात, ते परक्या माणसाला कळेल अशा रीतीने लिहून काढा आणि मग ते कोणापुढे ठेवायचे ते ठरवा. आपल्या पत्राच्या शेवटी, वरच्या उताऱ्यात न छापलेली, एक ओळ जाता जाता आली आहे: पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरते आणि २००५ च्या २६ जुलैला पुस्तकांची दोन कपाटे भिजून गेली. हवामानाचा विषय आपल्या कामात आधीपासूनच आहे, तो बाहेरून आणण्याची गरज नाही. त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

प्रथम हा पैसा येतो कुठून ते पाहू, कारण ते समजले की देणाऱ्यांचे वागणेही समजते. आपण ज्यांना सरसकट फाउंडेशन म्हणतो, त्यांत निदान दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या संस्था आहेत. पहिला प्रकार कायमस्वरूपी ठेवीच्या किंवा समभागांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या विश्वस्त संस्थांचा. याचे मुंबईतील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे टाटा कुटुंबाचे ट्रस्ट. जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता १८९२ मध्ये निधी स्थापन केला, सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ मध्ये आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ मध्ये उभा राहिला, आणि टाटा सन्स या मूळ कंपनीचे सुमारे ६६ टक्के भागभांडवल आजही अशा ट्रस्टांकडे आहे. कंपनीचा लाभांश ट्रस्टकडे येतो आणि ट्रस्ट तो समाजकार्याला देतो. उत्पन्नाचा झरा असा दीर्घकाळ टिकणारा असल्यामुळेच या पैशातून अनेक दशके चालतील अशा संस्था उभ्या राहू शकल्या. समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस १९३६ मध्ये सुरू झाली आणि आपल्या परळमधलेच टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये. पुढे १९४५ मध्ये मूलभूत संशोधनाची संस्था आली आणि १९६९ मध्ये नरिमन पॉइंटचे एनसीपीए हे संगीत-नाट्यकलांचे केंद्र. देणाऱ्याला घाई नसेल तर काय घडू शकते, हे या यादीवरून दिसते.

दुसरा प्रकार कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाच्या, निधीचा. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एखाद्या मर्यादेला पोहोचतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे त्यानुसार बंधनकारक झाले. अलीकडच्या वर्षांत देशभरात ही रक्कम वर्षाला २५,००० कोटी रुपयांच्या वर गेली आहे. त्यातील सर्वांत मोठे वाटे शिक्षण आणि आरोग्य यांकडे जातात आणि राज्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा असतो. हा पैसा दर वर्षीच्या नफ्यातून निघतो, त्याचा हिशेब ३१ मार्चला बांधलेला असतो आणि तो देणारा अधिकारी बहुधा दोन-तीन वर्षांनी बदलतो. पहिल्या प्रकारच्या संस्थेशी आपले नाते माणसांमुळे टिकते, दुसऱ्या प्रकारच्या संस्थेशी ते कागदांमुळे टिकते. काही मोठ्या कंपन्या आपला सीएसआर स्वतःच्याच नावाच्या फाउंडेशनमार्फत करतात, त्यामुळे नावावरून फरक कळत नाही. पैसा लाभांशाचा की त्या वर्षीच्या सीएसआरचा, एवढे आधी विचारून घ्यावे.

आता ज्येष्ठ विश्वस्तांच्या आक्षेपाकडे वळतो, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय आपली कार्यकारिणी एकमताने पुढे जाणार नाही. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि ज्यांची रोजीरोटी तेथे होती त्यांच्या मुलांना आता त्याच इमारतींत मदत मागायला जायचे, ही सल खरी आहे. तिला भावनेचा प्रश्न म्हणून बाजूला सारू नये. परंतु लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी धनिकांचा पैसा यापूर्वी कधी घेतला नाही, असे नाही. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी या गिरणीमालकाने त्याला १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली. विद्यापीठाला देणगीदाराच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. स्त्रियांना उच्च शिक्षण द्यायचे आणि तेही मातृभाषेतून, हे मात्र कर्व्यांनी देणगीच्या आधीच ठरवलेले होते. जमशेदजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांतून कलाशिक्षणाची शाळा सुरू झाली ती १८५७ मध्ये, आणि प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई टॉवर झाला. व्यापारातून आलेल्या त्या संपत्तीच्या उगमाविषयीही आज कठोर प्रश्न विचारता येतात आणि ते विचारले जावेत. तरीही त्या वास्तूंतून शिकून गेलेल्या पिढ्यांचे शिक्षण खोटे ठरत नाही.

यावरून मी असे म्हणत नाही की येईल तो पैसा घ्यावा. लंडनच्या टेट कलादालनांना बीपी या तेल कंपनीचे प्रायोजकत्व २६ वर्षे होते. तेलाच्या पैशाने कलेची प्रतिष्ठा विकत घेतली जाते, असे म्हणत कलावंतांनी वर्षानुवर्षे निदर्शने केली आणि अखेर २०१७ मध्ये तो करार संपला. कला आणि हवामान हे दोन विषय एकमेकांना थेट भिडले ते तेथे. आपल्या संस्थेनेही आधी ठराव करून ठेवावा. कोणत्या उद्योगाचा पैसा घ्यायचा नाही, ग्रंथखरेदीत आणि नाटकाच्या संहितेत देणगीदाराला बोलण्याचा अधिकार नाही, वास्तूला नाव द्यायचे की नाही, मुलांची छायाचित्रे जाहिरातीत वापरू द्यायची की नाही, हे सर्व पैसा दारात येण्यापूर्वी सर्वसाधारण सभेत ठरवावे. समोर धनादेश असताना असे निर्णय नीट होत नाहीत. हा ठराव लिहिण्याचे काम मी ज्येष्ठ विश्वस्तांवरच सोपवले असते. त्यांच्या आक्षेपाला त्यामुळे संस्थेच्या नियमाचे रूप मिळेल. येथे कायदाही आपल्या बाजूने आहे. सीएसआरच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार, स्वतःच्या उत्पादनाची किंवा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व सीएसआर मानले जात नाही. एखाद्या कंपनीने अभ्यासिकेत आपल्या मालाचे फलक लावण्याचा आग्रह धरला, तर हा नियम नम्रपणे दाखवता येतो.

याच कायद्यातील आणखी एक तरतूद आपल्या उपयोगाची आहे. जेथे कंपनीचे कामकाज चालते, त्या स्थानिक परिसराला खर्चात प्राधान्य द्यावे, असे कलम १३५ सांगते. लोअर परळ, वरळी, प्रभादेवी येथे ज्या कंपन्यांची मुख्यालये आहेत, त्यांचा स्थानिक परिसर म्हणजे आपण. विश्वस्तांनी ज्याला दारात जाणे म्हटले, ते या दृष्टीने पाहिले तर त्याच वस्तीतील एका संस्थेने कायद्याने सांगितलेल्या प्राधान्याची आठवण करून देणे आहे. आपल्या पत्रातील मिंधेपणाच्या प्रश्नाचे माझे उत्तरही यातच आहे. मान खाली घालून जाण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र संस्थेच्या एकूण वार्षिक खर्चाच्या एक तृतीयांशाहून अधिक रक्कम कोणत्याही एका देणगीदाराकडून घेऊ नये आणि सभासदांची वर्गणी, ती कितीही थोडी असली तरी, कधी बंद करू नये, असे माझे मत आहे. उद्या देणगीदार गेला तर अभ्यासिकेचा दिवा चालू राहील की नाही, हे त्या वर्गणीवर ठरते.

आता आपल्या तीन कामांविषयी लिहितो.

अभ्यासिकेसाठी निधी मिळणे तुलनेने सोपे आहे, कारण शिक्षण हा देणाऱ्यांचा सर्वांत परिचित विषय आहे. पण शिक्षणाला पैसा देणाऱ्या संस्थांचे प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत बदलले आहेत आणि त्या बदलात मुंबईचा मोठा वाटा आहे. १९९५ मध्ये येथील वस्त्यांमधून 'प्रथम' या नावाच्या शिक्षणसंस्थेचे काम सुरू झाले. मिळेल त्या जागेत बालवाड्या आणि वस्तीतल्याच तरुणी शिक्षिका, अशी ती पद्धत होती. मागे पडलेल्या मुलांना अशाच स्थानिक तरुणींनी वेगळे बसवून शिकवण्याचा 'बालसखी' उपक्रम मुंबई आणि वडोदरा येथे चालला, त्याची शास्त्रशुद्ध तपासणी झाली आणि मुलांच्या शिकण्यात खरोखर फरक पडतो असे दिसले. ती तपासणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. अशा प्रयोगांच्या पद्धतीसाठी त्यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तेव्हापासून देणगीदार केवळ किती मुले आली एवढे न विचारता ती काय शिकली हेही विचारू लागले. हे चांगलेच झाले. तरीही आपल्या अभ्यासिकेच्या बाबतीत मी एक काळजी घेईन. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात, तेथे मुलाला रात्री दहापर्यंत टेबल, प्रकाश आणि शांतता मिळणे ही गोष्ट परीक्षेच्या टक्क्यांत पूर्ण मोजता येत नाही. केवळ निकालाचे वचन दिले, तर पुढच्या वर्षी हुशार मुलांनाच प्रवेश देण्याचा मोह होईल. त्याऐवजी रोजची उपस्थिती, वर्षभर टिकलेली मुले, बारावीनंतर शिक्षण चालू ठेवलेली मुले आणि मुलींचे प्रमाण यांची साधी वही आजपासून ठेवा. आपण शिक्षिका आहात, हजेरीपटाचे महत्त्व मी आपल्याला सांगण्याची गरज नाही.

कलेचा भाग सर्वांत अवघड आहे आणि तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो. कलेसाठीचा पैसा वास्तूंकडे आणि संग्रहालयांकडे सहज जातो. त्याचे उत्तम उदाहरण आपल्या जवळच भायखळ्याला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी मुंबई महापालिका, वारसा जतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी २००३ मध्ये करार केला. मोडकळीस आलेल्या त्या वास्तूचा जीर्णोद्धार इतका काळजीपूर्वक झाला की २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा लोकांसाठी उघडले. सरकारी मालकी, तज्ज्ञांचे मार्गदर्शन आणि फाउंडेशनचा पैसा एकत्र आला की काय होते, हे तेथे एकदा कार्यकारिणीने मिळून पाहून यावे. परंतु गाणारा गळा, डफावरची थाप, सुट्टीत तालमीला येणारी मुले यांना पैसा मिळणे कठीण जाते. वास्तू उभी राहिलेली दाखवता येते, तशी तालीम दाखवता येत नाही. त्यात एकवेळच्या कार्यक्रमांचा खर्च सीएसआरमध्ये धरला जाणार नाही असे सरकारने २०१४ मध्येच स्पष्ट केले आहे, त्यामुळे केवळ वार्षिक महोत्सवासाठी कंपनीकडे गेलात तर नकारच मिळण्याची शक्यता अधिक आहे. मात्र सीएसआरमध्ये कोणती कामे बसतात ते सांगणाऱ्या, कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला, संस्कृती, सार्वजनिक ग्रंथालये आणि पारंपरिक कला यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून महोत्सवाऐवजी वर्षभर चालणारा शाहिरीचा वर्ग आणि वाचनालय यांचा एकत्र प्रस्ताव करावा.

शाहिरीच्या बाबतीत मला आणखी एक वाट दिसते. १९४४ मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गिरणगावातल्या चौकांत आणि मैदानांत वाढलेल्या त्या परंपरेने पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लोकांना रस्त्यावर आणले. त्या काळात कोरसमध्ये उभे राहिलेले, ती कवने ज्यांना अजून तोंडपाठ आहेत, असे वृद्ध आपल्या सभासदांत असतील. त्यांचे गाणे, त्यांच्या आठवणी, चालींमधले फरक हे सारे ध्वनिमुद्रित करून वाचनालयात जतन करणे हे संशोधनाचे काम आहे. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ मध्ये स्थापन झालेली संस्था १९९५ पासून नेमक्या अशा कलासंशोधनाला आणि कलानिर्मितीला अनुदान देत आली आहे. तिच्याकडे प्रस्ताव कोणत्याही भारतीय भाषेत, म्हणजे मराठीतही पाठवता येतो. ही अनुदाने मुख्यतः संशोधक आणि कलावंत व्यक्तींना मिळतात, म्हणून शाहिरीचा वर्ग घेणाऱ्या आपल्या शिक्षकांनी किंवा एखाद्या तरुण अभ्यासकाने अर्ज करावा आणि ध्वनिमुद्रणांची प्रत वाचनालयाकडे राहील अशी लेखी तजवीज करावी. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये, कारण ज्यांच्याकडून ते ऐकायचे आहे त्यांची वये झाली आहेत.

आता हवामान. तरुण सभासदाने वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते अचूक हेरले आहे, पण या विषयाला जगभर पैशाचा पूर आला आहे ही समजूत मात्र खरी नाही. कार्बन उत्सर्जन कमी करण्याच्या कामाला जगातील एकूण दानाच्या २ टक्क्यांहूनही कमी वाटा मिळतो, असे हवामानासाठीच्या दानाचा अभ्यास करणाऱ्या क्लायमेटवर्क्स फाउंडेशनचे अहवाल सातत्याने सांगतात. त्यातलाही बराचसा पैसा ऊर्जा, धोरण आणि संशोधन यांकडे जातो. मुंबईत त्याचा परिणाम कसा दिसतो ते पाहा. १३ मार्च २०२२ रोजी महापालिकेने मुंबई हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे (जेवढा कार्बन सोडला तेवढा शोषला जाईल अशा स्थितीचे) उद्दिष्ट ठेवले, म्हणजे देशाच्या २०७० च्या उद्दिष्टाच्या वीस वर्षे आधी. हा आराखडा डब्ल्यूआरआय इंडिया या संशोधन संस्थेच्या आणि सी ४० या महानगरांच्या जाळ्याच्या साहाय्याने तयार झाला. सी ४० चा मुख्य आधार ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीजसारख्या फाउंडेशनांचा आहे. दानाचा पैसा असा शहराच्या धोरणापर्यंत पोहोचतो. नागरिक म्हणून मला यात दोन्ही गोष्टी दिसतात: महापालिकेकडे नसलेले तज्ज्ञ मनुष्यबळ त्यातून मिळाले, आणि म्हणूनच त्या आराखड्याची अंमलबजावणी होते की नाही हे विचारण्याची जबाबदारी आपल्यासारख्या स्थानिक संस्थांवर आली.

त्या आराखड्यातील सहा क्षेत्रांपैकी एक शहरी पूर आणि जलव्यवस्थापन हे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु हिंदमाता आणि परळचा सखल भाग त्याहून कितीतरी कमी पावसातही तुंबतो, हे आपण दर वर्षी अनुभवता. म्हणून हवामानाविषयी आपण एवढेच आणि खरे तेच लिहावे: तळमजल्यावरचे वाचनालय पाण्याने बंद पडते, पुस्तके खराब होतात, मुलांचे अभ्यासाचे दिवस बुडतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली तालीम घेणे अशक्य होते. त्यावर उपाय म्हणून भिंतीतली कपाटे वर घेणे, विजेचा मीटर आणि जोडण्या उंचावणे, दाराशी पाणी अडवणारी फळी बसवणे, छपराला उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग देणे आणि दुर्मीळ पुस्तकांचे संगणकीय जतन करणे एवढे काम मागावे. मुलांकडून पावसाळ्यात रोजची पाण्याची पातळी भिंतीवर नोंदवून घेतली आणि त्यावर बालनाट्य झाले, तर ते उत्तमच. कार्बन कमी करण्याचे, झाडे लावून हवा सुधारण्याचे किंवा परिसरात जागृती घडवण्याचे दावे मात्र करू नका. देणगीदाराचा प्रतिनिधी पुढच्या वर्षी येईल, आकडे मागेल आणि आपल्याकडे ते नसतील. त्याहून वाईट म्हणजे ते आकडे जमवण्यात अभ्यासिकेची संध्याकाळ खर्च होईल. निधीच्या मागे जाऊन आपले मूळ काम हरवलेल्या छोट्या संस्था मी पाहत आलो आहे आणि त्यांना पुन्हा मूळ कामाकडे येणे फार जड गेले.

पगाराचा आणि विजेच्या बिलाचा प्रश्न आपण संकोचाने विचारला आहे, पण तो विचारण्याचे धैर्य अनेक मोठ्या संस्थांनाही होत नाही. सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, असे आपल्याला कोणीतरी नक्की सांगेल. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या व्यवस्थापन खर्चावर आहे. अभ्यासिका चालवण्यासाठी जो ग्रंथपाल संध्याकाळी सहा ते दहा तेथे बसतो, त्याचे वेतन हा त्या प्रकल्पाचा थेट खर्च आहे आणि तो अंदाजपत्रकात तसाच दाखवावा. विजेचे बिल, साफसफाई, लेखापरीक्षकाचे शुल्क यांचा प्रकल्पाच्या वाट्याला येणारा भागही दाखवावा. जो देणगीदार टेबल-खुर्च्या देतो पण तेथे बसणाऱ्या माणसाचे वेतन देत नाही, त्याला हे समजावून सांगावे आणि तरीही पटले नाही, तर मी त्याच्या खुर्च्या नाकारीन. त्या खुर्च्या सांभाळण्याचा खर्च अखेरीस संस्थेवरच पडतो. कालावधीही एकाच वर्षाचा मागू नका. कायद्यानुसार चालू प्रकल्प सुरू झालेल्या वर्षाशिवाय पुढील तीन वर्षे चालवता येतो आणि खर्च न झालेली रक्कम त्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने देऊ केलेली मोठी रक्कम असेल, तर ती कशासाठी आणि कधीपर्यंत खर्च करायची हे लेखी घेतल्याशिवाय स्वीकारू नये.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट १ ची, म्हणजे संस्थेच्या व विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीची, ताजी नक्कल काढा. जुन्या मंडळांत निधन पावलेल्या विश्वस्तांची नावे वर्षानुवर्षे तशीच राहिलेली असतात, आणि बदलानंतर ९० दिवसांत द्यायचा चेंज रिपोर्ट कोणीच दिलेला नसतो. प्रस्ताव अडतो तो बहुधा येथेच, आणि तो निकाली निघायला वेळ लागतो, म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्या. तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या, प्राप्तिकराच्या बारा-ए आणि ऐंशी-जी नावाने ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या आणि त्यांच्या आधारे कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे होणारी, सीएसआर निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-१ नोंदणी एवढे हाती असल्याशिवाय कंपनीकडे जाण्यात अर्थ नाही. परदेशी निधीचा विचार सध्या सोडून द्यावा. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यातील (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी मिळालेली मोठी संस्था तो आपल्यासारख्या संस्थेकडे वळवू शकत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माजी विद्यार्थ्यांची देणगीसुद्धा परदेशी निधीत मोडते, म्हणून त्यांच्याकडून थेट खात्यावर रक्कम घेऊ नका. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून दिलेल्या देणगीला ही अडचण नाही.

कोणाकडे जायचे, हे ठरवण्यासाठी तरुण सभासदांना एक काम द्या. कंपन्यांना आपला वार्षिक सीएसआर अहवाल जाहीर करावा लागतो आणि त्यात कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या संस्थेमार्फत, किती रक्कम खर्च झाली याची यादी असते. लोअर परळ ते वरळी या पट्ट्यातील कंपन्यांचे असे अहवाल काढून, ज्यांनी मुंबईतील लहान संस्थांना लहान रकमा दिल्या आहेत त्यांची नावे वेगळी काढावीत. सर्वांत मोठ्या अनुदानापेक्षा सर्वांत लहान अनुदान किती आहे हे पाहा, कारण ज्या फाउंडेशनचे किमान अनुदानच कोटीच्या घरात आहे, तिच्याकडे आपल्या अंदाजपत्रकाचा अर्ज वाचण्याची व्यवस्था नसते. पाच-सहा नावे निघाली तरी पुरेशी आहेत. त्यांना छापील पत्रांचा गठ्ठा पाठवू नका. त्या कचेरीतील एखाद्या अधिकाऱ्याला अभ्यासिका भरलेली असताना, संध्याकाळी सातच्या सुमारास, प्रत्यक्ष बोलावून घ्या.

प्रस्ताव प्रथम मराठीत लिहा आणि तो दोन पानांहून मोठा होऊ देऊ नका. संस्था कोणी, कधी, कशासाठी स्थापन केली, आज रोज तेथे काय घडते, पैशाअभावी काय थांबले आहे, किती रक्कम कोणत्या बाबीवर लागेल आणि त्यातील किती आपण स्वतः उभी करणार आहात, एवढे त्यात असावे. इंग्रजी भाषांतर नंतर कोणीही करून देईल. मूळ मसुदा आपल्या भाषेत असला की कार्यकारिणीतील प्रत्येकाला तो वाचता येतो आणि खोटे काही लिहिले गेले असेल तर ते लगेच लक्षात येते. मसुदा आणि अंदाजपत्रक तयार झाल्यावर या सदराच्या पत्त्यावर पाठवा. अंदाजपत्रकातील वेतन आणि प्रशासकीय खर्चाचा भाग मी तपासून, आवश्यक त्या दुरुस्त्यांसह आपल्याला परत पाठवीन.